शनी दिसला का?

"इस्माईलभाई, दुर्बीण कुठंय?"

"ती काय, तिकडं." इस्माईलभाईंनी, आमच्या शिपायांनी, गच्चीच्या पार टोकाला बोट दाखवलं. "सरांनी हलवायला लावली. कुलगुरूसाहेबांचा सोफा कठड्याजवळ टाकलाय, वारं येतं ना तिथं. म्हणून दुर्बीण पण तिथंच."

"आणि माझी सुतळी?"

"ती सोफ्याभोवती बांधली. पब्लिक घुसतं हो."

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. सूर्य बुडाला होता. अजून दहा मिनिटं, फार तर पंधरा, मला समोरचं दिसणार होतं. त्यानंतर नाही.

तेव्हा मी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहाय्यक होते. कंत्राटावर, दर मार्चला नवा कागद. नवऱ्याची सूतगिरणी बंद पडलेली, घरात कमावणारी मी एकटी. आणि मला रातांधळेपणा होता. नुसता नव्हे, वाढत चाललेला. डॉक्टर म्हणाले होते, "डोळ्याचा पडदा झिजतोय, बाई. औषध नाही." मी त्यांची चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवली आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. त्या डिसेंबरात मला कायम करायचं घाटत होतं, त्याला मेडिकल लागणार होतं, आणि त्यात पुन्हा विभागाची दुर्बीण माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हती. आता बोला. अंधारात काही न दिसणारी बाई आणि काम काय, तर लोकांना तारे दाखवायचं! ऐकणाऱ्याला हसू येईल. मला सहा वर्षं आलं नाही.

पण जमवलं होतं मी. दुर्बिणीला पितळेच्या दोन चकत्या होत्या, त्यांवर आकडे. तक्त्यातून ग्रहाचे आकडे काढायचे, नाकाला टॉर्च लावून चकत्या त्या आकड्यांवर फिरवायच्या, की नळी बरोबर त्या ग्रहाकडं तोंड करते. आकाशाकडं बघायची गरजच नाही. अट एकच. गच्चीवर उत्तरेची पांढरी रेघ मारलेली होती, दुर्बिणीचा स्टँड त्या रेघेवर हवा. रेघ सोडली की आकडे खोटे. आणि स्टँडपासून जिन्याच्या दारापर्यंत मी सुतळी बांधायचे. लोकांना वाटायचं रांगेसाठी आहे. ती माझ्यासाठी होती. कार्यक्रम संपला की सुतळीला हात लावून मी निमूट खाली उतरायचे.

त्या दिवशी गावाला शनी दाखवायचा कार्यक्रम होता, कुलगुरू पाहुणे, आणि विभागप्रमुख बिडवई सरांनी मला सहापर्यंत खाली टाइपरायटरला जुंपलं. कुलगुरूंच्या परिचयाचं भाषण, दोनदा बदललेलं. तेवढ्या वेळात वर हे होऊन बसलं.

उजेड होता तोवर मी धावत सरांना गाठलं.

"सर, दुर्बीण रेघेवर पाहिजे हो. आकडे चुकतात."

"मग आकड्यांवर कशाला लावता? डोळ्यानं लावा की." सरांनी हात उंचावला. "तो काय, शनी वर आलाच. लहान पोरगंसुद्धा दाखवेल."

मी त्यांच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. राखाडी आकाश होतं.

"हो सर," मी म्हणाले.

बास. त्या "हो सर"मध्ये मी अडकले. बिडवई सर वाईट नव्हते, पण त्यांचा विषय धातूंचा, आणि त्या दिवशी तर त्यांचा विषय फक्त कुलगुरू होते. आमची पोरंपोरी दिवाळीच्या सुट्टीला गावी गेलेली, नाहीतर एखाद्या पोरीला "जरा लाव गं" म्हटलं असतं. मी चालत दुर्बिणीपर्यंत गेले, नळीवर हात ठेवला आणि कठडा बघून घेतला. माझ्या गुडघ्याएवढा, माझ्यापासून चार पावलांवर. मग नळी हातातच ठेवून उभी राहिले.

साडेसातला इस्माईलभाईंनी शिट्टी मारली. आमचा रिवाज होता तो. शिट्टी झाली की वॉचमन मेन स्विच पाडायचा, सगळा परिसर काळोख. लोक "हाऽऽ" करायचे, वरती बोटं दाखवायचे. माझ्यासाठी कुणीतरी डोक्यावरून घोंगडी टाकल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी घोंगडीत सुतळीसुद्धा नव्हती.

टॉर्चनं आकडे लावले. डोळा लावला. काळं.

आता हे नीट सांगते, कारण सगळं इथं आहे. आधी आकाश दिसत नसलं तरी दुर्बिणीत, अगदी मधोमध आणलेला तेजस्वी ग्रह मला दिसायचा. पिवळा दाणा, भोवती कडी. मागच्या वर्षीपर्यंत नक्की दिसत होता. तेवढाच माझा ठेवा होता म्हणा ना. आता काळं दिसलं, ते दुर्बीण चुकली म्हणून, की माझा तेवढाही डोळा गेला म्हणून? मला कळेना. स्टँड बोटभर फिरवला, परत बघितलं. काळं. पुन्हा फिरवला. काळं.

"बाई, झालं का? साहेब थांबलेत," सर माझ्या कानाशी म्हणाले.

"झालं सर."

कुलगुरू आले. डोळा लावला. ते दोन-तीन क्षण वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! अप्रतिम!"

टाळ्या पडल्या. आणि मला काय वाटलं असेल? सुटले, असं? छे हो. माझ्या पायाखालची गच्ची सरकली. म्हणजे शनी आहे. दुर्बिणीत शनी आहे आणि मला दिसत नाही. उरलासुरला डोळाही गेला.

मग रांग लागली. शनिवार होता, त्यामुळं निम्मी रांग देवदर्शनाची. बायका चपला काढून येत होत्या. एका आजीबाईंनी तेलाची बाटली आणली होती, मी म्हटलं, "आजी, भिंगावर नका हो ओतू, मला भरून द्यावं लागेल." कुणी हात जोडायचं, कुणी शनीची नजर समोरून पडू नये म्हणून तिरकं उभं राहून बघायचं. सगळ्यांना मी विचारायचे, "दिसला का?" आणि सगळे म्हणायचे, "दिसला, दिसला." आता साडेसातीच्या देवाला कोण तोंडावर "दिसला नाहीस" म्हणणार! आणि कुलगुरूंना दिसलेलं आपल्याला दिसत नाही, हे तरी कोण म्हणणार! पण हे शहाणपण मला नंतर आलं. तेव्हा एकेक "दिसला" माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसत होता.

मधेच सरांचा आवाज आला, "खरबडेबाई, जरा सोफ्याकडं या, साहेबांना शंका आहे."

"दुर्बीण सोडता येत नाही सर, नळी हलते!"

थोड्या वेळानं इस्माईलभाई आले. "बाई, चहा घ्यायला चला."

"नको. तुम्हीच घ्या."

"पाय दुखले असतील. जरा बसा तरी."

"नाही म्हटलं ना!" मी खेकसले. बिचारे निघून गेले. कठडा कुठल्या बाजूला राहिला, हेच मी विसरले होते. स्टँड फिरवता फिरवता मीही फिरले होते. एक पाऊल कुठंही टाकायची सोय नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, मला तर आड कुठं न् विहीर कुठं तेही दिसत नव्हतं.

आणि मग तो माणूस आला.

दिसला नाहीच, पण कळला. बाकी सगळे डोळा लावताना नळी धरायचे, नळी हलायची, मला हातात कळायचं. ह्या माणसानं डोळा लावला आणि नळी तसूभर हलली नाही. बराच वेळ बघत होता. श्वाससुद्धा हळू.

"बाई," तो म्हणाला, "ह्यात शनी नाही."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. सावकाश, ठाम.

"आहे काका. मधोमध बघा."

"मधोमध काळं आहे. डाव्या अंगाला एक काळी कमान आहे, कड धुरकट. तिच्या पलीकडं एक बारका ठिपका. शनी नाही."

रांगेतून आवाज आले, "अहो, पुढं व्हा की." एक तरुण आवाज जवळ आला, "बाबा, सरका, मी बघतो." नळी गदगदा हलली. "हे काय! स्पष्ट दिसतोय. कडीसकट."

"कडी दिसली तुला?"

"मग काय! कुलगुरूंना दिसली, सगळ्या गावाला दिसली, एक तुम्हालाच नाही."

म्हातारबुवा पुन्हा वाकले. पुन्हा तेच, नळी स्थिर. "नाही," ते म्हणाले. "बाई, तुम्ही एकदा बघा बरं. तुम्ही खात्री करा."

आता मी काय करणार होते? मी वाकले, काळ्यात डोळा घातला आणि उठून म्हणाले, "आहे की. छान दिसतोय."

ते जात नव्हते. हा माणूस आता सरांना बोलावणार, सर डोळा लावणार, मग सगळं बाहेर. मला त्याला तिथून घालवायचं होतं. एवढंच. दुसरं काही मनात नव्हतं.

"काका, वय काय तुमचं?"

"त्रेसष्ट."

"मग मोतीबिंदू असणार. अशा कमानी, असे ठिपके त्यातच दिसतात. वेळेत तपासून घ्या, डोळ्याशी खेळ बरा नव्हे."

डोळ्याच्या दवाखान्यातल्या बाकावर मी इतकी बसले होते की ही भाषा मला तोंडपाठ. कशी सफाईनं बोलले! आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. म्हण ऐकली होती, त्या दिवशी वागले.

म्हातारबुवा हळू म्हणाले, "उजवा आहे हो हा माझा. कामाचा."

"मी म्हणत नव्हतो?" मुलगा म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट समजूत काढल्यासारखा. "केसकरांचं घड्याळ दोनदा परत आलं."

"ते सेलमुळं आलं, किरण."

"तेच म्हणता दर वेळी. बाबा, लोहोकरे वॉच कंपनी ही पाटी आता कोण बघतं? पाडव्याला एसटीडी बूथ टाकू. तुम्ही गल्ल्यावर बसा आरामात."

लोहोकरे! चौकातले घड्याळजी. त्यांना कोण ओळखत नव्हतं? डोळ्यावर भिंगाची डबी चढवून दिवसभर मान खाली. माझ्या लग्नातलं घड्याळ त्यांनीच दोनदा जिवंत केलं होतं. आयुष्यभर ज्याचा डोळा भिंगालाच लागलेला, त्या माणसाला मी बघायला शिकवत होते.

"मी म्हटलं होतं तुला," लोहोकरे म्हणाले, "ज्या दिवशी माझा डोळा चुकेल, त्या दिवशी किल्ली देईन. म्हटलं होतं ना?"

"बाबा, आता इथं कशाला..."

"मी इथं आलोच त्यासाठी. म्हटलं, एकदा परीक्षा घ्यावी. घे."

किल्ल्यांचा आवाज आला. जुना, जड जुडगा असावा. एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग लोहोकऱ्यांच्या चपला फरशीवर ओढत ओढत लांब जाऊ लागल्या.

"या," मी पुढच्याला म्हणाले.

पुढची एक बाई होती. तिनं नळी धरली, हलवली, म्हणाली, "अगंबाई, किती गोड! दिसला."

नळी इकडची तिकडं झाली होती माझ्या हातात. चांगली बोटभर. तरी दिसला! आणि ज्याच्या हातून ती केसभरही हलली नाही, त्याला मोतीबिंदू! मोतीबिंदूवाल्याला धुरकट कड कशी कळेल? कड कळते, म्हणजे डोळा शाबूत आहे. मला हे कळत होतं. त्यानं बोलायला तोंड उघडलं तेव्हाच कळलं होतं. सबंध गच्चीवर दोनशे माणसांत डोळा असलेला तो एकटा होता आणि मी त्याचा डोळा काढून त्याच्या हातात दिला होता.

"लोहोकरेकाका!" मी हाक मारली.

गलका होता. कुणी ऐकलं नाही.

मी नळी सोडली. दोन तासांत पहिल्यांदा. आणि आवाजाच्या दिशेनं चालायला लागले. तिसऱ्या पावलाला गुडघा सोफ्यावर आपटला. हात टेकायला गेले तर टीपॉय उलटला, कपबशा फुटल्या, कुलगुरू "अरे, अरे" म्हणून उठले. मी वळले, चार पावलं टाकली, तर पायाला दगड लागला आणि कुणीतरी माझा पदर मागून खसकन ओढला.

"अहो बाई, कठडा आहे! मरता का?"

मी मटकन खाली बसले. पुढं काय होतं ते मला वाऱ्यानं कळलं. खालून गार वारा येत होता. तिथं बसूनच मी ओरडले, आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या मोठ्यानं, "दिवे लावा! इस्माईलभाई, दिवे लावा! लोहोकरेकाका, थांबा!"

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दिवे लावा म्हणणं म्हणजे कीर्तनात शिट्टी मारणं. पण इस्माईलभाईंनी काही न विचारता शिट्टी फुंकली, आणि एकदम सगळा परिसर पांढरा झाला.

लोक डोळ्यांवर हात घेऊन उभे. हळूहळू हात खाली आले. आणि मग जो तो दुर्बिणीकडं बघायला लागला. मीही बघितलं. नळी रोखलेली होती थेट वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर. उंच खांबांवरची गोल सिमेंटची टाकी. शनी तिच्यापासून चांगला हात-दीड हात बाजूला होता, असं नंतर कळलं. गावानं दोन तास तिला हात जोडले होते.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. पण ते हसू पुढं गेलं नाही, कारण हसायचं कुणी? सगळ्यांनाच दिसला होता.

"खरबडेबाई!" बिडवई सर माझ्यासमोर आले. "हा काय प्रकार आहे?"

मी उठून उभी राहिले. साडीवर चहा सांडला होता.

"सर, मला अंधारात दिसत नाही. सहा वर्षं झाली. दुर्बीण मी आकड्यांवर लावत होते. आज रेघेवर नव्हती, चुकली. मला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी बोलले नाही." मग मी मान वळवली. लोहोकरे जिन्याच्या दाराशी उभे होते, एक हात भिंतीला. "काका, तुमचा डोळा चांगला आहे. मी खोटं बोलले. डोळा माझा गेलाय."

लोहोकरे परत आले. कुणाकडं न बघता दुर्बिणीपाशी गेले. नळीच्या रेषेत वाकून एकदा टाकीकडं बघितलं, एकदा नळीकडं.

"ही ती कमान," ते स्वतःशीच म्हणाले. मग मुलाकडं वळले. "किरण, तुला कडी दिसली होती?"

किरणनं मान खाली घातली. लोहोकऱ्यांनी हात पुढं केला. जुडगा त्यांच्या हातात पडला आणि त्यांनी तो नेहरू शर्टाच्या खिशात टाकला. रागावले नाहीत, काही नाही.

सर मला म्हणाले, "सोमवारी ऑफिसात भेटा." सोमवारी काय होणार ते मला तिथंच कळलं, आणि तसंच झालं. त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही.

कुलगुरू घड्याळ बघत निघून गेले. लोकही हलायला लागले, तेव्हा लोहोकरेच म्हणाले, "अहो, एवढी माणसं आलीत. शनी बघूनच जाऊ द्या की. बाई, हे कसं फिरवायचं तेवढं सांगा."

पुन्हा शिट्टी, पुन्हा काळोख. मी खुर्चीवर बसून सांगत होते, ते करत होते. हा स्क्रू सैल करा, आता नळी धरा, तिच्यावरच्या छोट्या दुर्बिणीत बघा, आता घट्ट करा. घड्याळाचा स्क्रू फिरवावा तसं फिरवत असणार. एकदा ते थांबले आणि कितीतरी वेळ बोललेच नाहीत.

मग रांग लागली. ह्या वेळी मी कुणाला विचारलं नाही. जो यायचा तो डोळा लावायचा आणि गप्प व्हायचा. खरं दिसलं की माणूस आधी गप्प होतो, हे मला सहा वर्षांत कळायला हवं होतं. आधी कळायचंही, त्या दिवशीच मी ऐकलं नव्हतं.

मी मात्र खुर्चीत बसून एकच हिशेब करत होते. टाकी होती म्हणून मला काळं दिसलं! म्हणजे कदाचित माझा तेवढा डोळा अजून असेल. पिवळा दाणा, कडी. नोकरी गेलीच होती, पण हे असेल तर असू दे देवा, असं मी चक्क शनीला म्हटलं. आयुष्यात त्याच्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

शेवटचा माणूस गेल्यावर लोहोकऱ्यांनी माझा हात धरून मला उठवलं आणि नळीपाशी नेलं. "मधोमध आणलाय बघा. अगदी मधोमध."

मी वाकले. नळीला हात लावला नाही. दुसरा डोळा मिटून घेतला, मग उघडा ठेवून बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"दिसला का?" त्यांनी विचारलं.

तोंडावर "हो" आलं होतं. सहा वर्षांची सवय, आपोआप येतं.

"नाही, काका," मी म्हणाले. "नाही दिसला."

त्यांनी मला बाजूला घेतलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः दुर्बिणीशी वाकले. त्यांचा आवाज नळीतून आल्यासारखा आला.

"बरं," ते म्हणाले, "मग मी सांगतो. ऐका."